बिलात नसलेली साडी

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कोणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. मी लपवलं ते वेगळंच, आणि त्याचा माझ्या तापटपणाशी चांगलाच संबंध आहे.

अमरावतीत माझं जाहिरातीचं काम आहे. सुरुवात केली तेव्हा जाहिरात म्हणजे ऑटोवर भोंगा बांधून खेडोपाडी फिरणं आणि भिंती रंगवून घेणं. भातकुलीला, मोर्शीला, चांदूर रेल्वेला बाजाराच्या दिवशी ऑटो कुठे उभा केला की बाया थांबून ऐकतात, हे मला तोंडपाठ होतं. आता फ्लेक्स असतात, रील असतात, व्हॉट्सॲप असतं. धंदा तोच, भोंगा तेवढा खिशात आला.

पहिलं काम मला काकाजींनी दिलं. काकाजी माझे कोणी नातेवाईक नाहीत. जुन्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि अर्धी अमरावती त्यांना काकाजीच म्हणते. बाईमाणूस ऑटो घेऊन गावोगाव फिरणार का, असं बाकीचे दुकानदार मला तोंडावर विचारायचे आणि मी तोंडावरच उत्तर द्यायची, त्यामुळे काम काही मिळायचं नाही. काकाजींनी एवढंच विचारलं, जमते का. मी म्हटलं, जमते. मग कर, म्हणाले. झाला आमचा करार. त्यांची गादी ही माझी बसायची जागा झाली. वडील गेल्यावर तर मी काही काम नसतानाही तिथं जाऊन बसायची, एक चहा प्यायची आणि घरी यायची.

चार वर्षांपूर्वी अकोल्याचे शेठ आले. त्यांचं तिथं तीन मजली साडी दुकान. तीन पिढ्या कापडात गेलेल्या, घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी अस्सल वऱ्हाडी. माणूस चोख, पण घाई फार. त्यांनी काम देऊ केलं तेव्हा मी आधी काकाजींकडे गेले. एकाच धंद्यातली दोन दुकानं एकाच माणसानं सांभाळायची म्हणजे दोन दगडांवर पाय, हे मला कळत होतं. काकाजींनी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाले, "घे. पोट सगळ्यालेच हाये. फक्त माह्या गादीवरचं तिकडं नेऊ नको, अन् तिथलं मले सांगू नको."

मग मी अशी काही शिस्त लावली की विचारू नका. मंगळवार अकोल्याचा, बाकीचे दिवस अमरावतीचे. दोन डायऱ्या, दोन फोन. मूर्तिजापूरच्या अलीकडे काकाजींचे फ्लेक्स, पलीकडे शेठचे, आणि खुद्द मूर्तिजापुरात कोणाचाच नाही. एकदा नागपूरला आमच्या धंद्यातल्या लोकांच्या बैठकीत हे सगळं मी छाती काढून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आपण जिंकलो.

आता बस्त्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता फाडायला जातात. म्हणजे लग्नातली सगळी कापडं एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायची. मुलीकडचे आणि मुलाकडचे दहा-पंधरा जण सकाळी गादीवर येऊन बसतात ते दुपार टळेपर्यंत उठत नाहीत. नवरीचा शालू, नवरदेवाचे कपडे, आत्या, मावश्या, माम्या, काकवा, कोणाला काय दिलं आणि कोणाला काय कमी पडलं, यावरून दोनदा रुसवे-फुगवे, तीनदा चहा. एक बस्ता म्हणजे एका दुकानाचा एक दिवस. आणि दिवाळीनंतरच्या लग्नसराईत किती बस्ते आले, त्यावर दुकानाचं वर्ष.

या गर्दीत नवरीची आई एका कोपऱ्यात असते. तिच्या मांडीवर यादी. तिला मानाची साडी व्याह्यांकडून यायची असते, ती विहीण ठरवते. स्वतःसाठी ती काही मागत नाही. पण समोर पडलेल्या ढिगातल्या एखाद्या साडीवर तिचा हात जातो. पदर बोटांत धरून पाहते, ठेवून देते, पुन्हा यादीत डोकं घालते. थोड्या वेळानं हात पुन्हा तिथंच.

काकाजी बिल करत असायचे, पण नजर त्या हातावर. बस्ता बांधताना तीच साडी, ते तिला पातळ म्हणतात, गठ्ठ्यात मधोमध सरकवायचे. बिलात नाही, बोलण्यात नाही. घरी गठ्ठा सोडल्यावर त्या बाईला कळायचं. कोणी परत येऊन सांगायच्या, कोणी चुकून आली म्हणून परत करायला यायच्या, मग ते म्हणायचे, राहू द्या बाई. चाळीस वर्षं हे चाललं होतं आणि दुकानाबाहेर त्याचा एक शब्द नव्हता. दुकानात दोघांनाच माहीत होतं. एक मी, आणि एक मामा.

मामा म्हणजे तिथले जुने सेल्समन, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बावीस वर्षं काकाजींच्या उजव्या हाताला बसले. तीन वर्षांपूर्वी मुलाला अकोल्यात नोकरी लागली म्हणून तिकडे गेले आणि शेठच्या दुकानात लागले. जाताना दोघंही म्हातारे रडले होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

या साडीची जाहिरात करू या, असं मी काकाजींना एकदा म्हटलं होतं. अख्ख्या वऱ्हाडात असं कोणी देत नाही, लोक रांगा लावतील, म्हटलं. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, ते सांगायचं नसते. मी वाद घातला, मी घालतेच. त्यावर ते म्हणाले, सांगतलं तं ते देणं राहत नाई. मला तेव्हा राग आला होता. म्हटलं, म्हातारा हट्टी आहे.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. दिवाळीला महिना-सव्वा महिना बाकी. शेठच्या ऑफिसात त्यांनी पुण्याचा एक माणूस बोलावून ठेवला होता, कुठल्याशा मोठ्या एजन्सीतला. मला काही न सांगता. त्यानं माझे तीन वर्षांचे फ्लेक्स टेबलावर पसरले आणि एकेकावर पेन ठेवत गेला. हे जुनं, हे जिल्ह्याच्या ठिकाणी चालतं, यात विचार नाही. शेठ मान खाली घालून ऐकत होते. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, या सीझनसाठी तुमच्याकडे नवीन काही आहे का? अगदी गोड आवाजात म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि एकदा का माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की मला पुढचं-मागचं दिसत नाही. मी म्हटलं, आहे. बस्त्यात नवरीची आई बसते ती पाहिली आहे का कधी तुम्ही? सगळ्यांचं घेते आणि स्वतःचं ठेवून देते. तिचा हात पाहिला आहे का? त्या हातातली साडी दुकानानं द्यायची. बस्ता आमच्याकडे, आईची साडी आमच्याकडून.

पुण्याच्या माणसानं पेन टोपणात घातलं. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत, त्यांना त्यांची अम्मी आठवली असावी. ते म्हणाले, ताई, हे कुठी होतं तुमच्याजवळ इतके दिवस? आणि मी काय सांगावं? मी म्हटलं, डोक्यात होतं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर यायच्या आत मला कळलं होतं की मी काय केलं. पण खरं सांगायचं तर त्या कळण्याखाली अजून आनंदच होता, त्या पुण्याच्या माणसाचा चेहरा आठवून. मी स्वतःला समजावलं की काकाजींनीच नको म्हटलं होतं. जे ते वापरणारच नव्हते ते दुसऱ्यानं वापरलं तर त्यांचं काय गेलं? आणि शेवटी मूर्तिजापूरची रेघ आहेच. ते पलीकडे राहील.

भिंतीवरचा रंग पलीकडे राहतो. रील राहत नाही. मी स्वतःच ते बनवलं होतं, आणि चांगलं बनवलं होतं, हे तर अजून वाईट. त्यात चेहरा नव्हता, फक्त एक हात. साडीवर जातो, पदर धरतो, ठेवून देतो, पुन्हा येतो. आठ दिवसांत ते दर्यापूर, अंजनगाव, अमरावती सगळीकडे फिरलं. मला माझ्याच नणंदेनं पाठवलं, खाली रडण्याची चित्रं टाकून.

तुळशीची लग्नं लागली आणि काकाजींकडे पहिला बस्ता आला, मोर्शीकडचे लोक. मी गादीच्या कडेला बसले होते. सगळी खरेदी झाली. काकाजींची नजर जिथं जायची तिथं गेली, मी पाहिलं, हिरव्या काठाची एक साडी होती. बांधायची वेळ आली तशी नवरीची मावशी म्हणाली, अकोल्यात नवरीच्या मायले साडी भेटते, तुमच्याकडं काय भेटते? आणि नवरीची आई, बिचारी, तिनं मान खाली घातली. काकाजी म्हणाले, आमच्याकडंही भेटते. ती हिरव्या काठाची साडी त्यांनी गठ्ठ्यात न घालता वरून ठेवली. मावशीनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, हे तं अकोल्याचं पाहून सुरू केलं असन.

लोक गेले. काकाजी बराच वेळ गादीवरच्या चादरीच्या सुरकुत्या हातानं सरळ करत बसले. मग मला म्हणाले, ते रील म्या पाह्यलं. माझ्या हातात चहाचा कप होता.

ते म्हणाले, "तुह्या कामाले मी नाव नाई ठेवत. शेठनं सांगतलं असन, तू केलं. मले सांगतलं नाई तेही बराबर, आपलं ठरलंच हाये तसं. पण तो हात, बाई, या गादीवर बसल्याशिवाय कोणाले दिसत नाई. शेठले कोणं सांगतलं? मामानंच नं?"

मी म्हटलं, "हो."

एवढं एकच अक्षर. मला काही विचार करायला वेळ नव्हता असं मी आजही म्हणू शकते, पण ते खोटं आहे. वेळ होता. चहाचा कप खाली ठेवण्याइतका वेळ होता. मी तो कप ठेवला आणि मग हो म्हटलं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मामा अकोला सोडून परत अमरावतीला आले होते. मुलाची पुन्हा बदली झाली, सून-मुलगा लांब गेले, हे नवरा-बायको आपल्या जुन्या घरी. सराई सुरू व्हायच्या आधीच त्यांनी काकाजींना विचारलं होतं आणि काकाजींनी ये म्हटलं होतं, तुही जागा रिकामीच हाये. त्या बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून कामावर आले. काकाजींनी त्यांना गादीवर चढूच दिलं नाही. सगळ्या सेल्समनसमोर म्हणाले, इथलं तिथं नेऊन विकणाऱ्याले माह्याकडं जागा नाई. बाजार तो केवढा! दुपारपर्यंत सगळीकडे झालं की बावीस वर्षांच्या मामानं काकाजींना विकलं. साठीच्या माणसाला मग दुसरं कोण गादीवर बसवणार? ज्याच्यावर दुकानाची गोष्ट बाहेर नेल्याचा ठपका बसला, त्याला कापड बाजारात कोणी उभं करत नाही.

तिसऱ्या दिवशी मामा माझ्या ऑफिसात आले. मी त्यांना यायचं कधी सुचवलं नव्हतं, ते पहिल्यांदाच तिथं येत होते. खुर्चीच्या अगदी काठावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं. सांगत होते की आपण शेठकडं दोन वर्षं होतो पण त्या पातळाबद्दल बायकोलाही कधी बोललो नाही. शेठनं तर आपल्याला तळमजल्यावर चादरी-टॉवेलमध्ये बसवलं होतं, बस्त्याच्या मजल्यावर आपण कधी गेलोच नाही. आणि मग म्हणाले, "तुमचं ऐकते तो. तुमी एक शब्द टाका नं. नोकरी नाई देल्ली तरी चालते, पण चोर नोको म्हणू म्हणा."

मी म्हटलं, टाकते शब्द. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. ते गेल्यावर मी ऑफिसातल्या पोरीवर विनाकारण ओरडले, मग फोनवर प्रिंटरवाल्यावर ओरडले, मग दार लावून बसले. मला स्वतःची किळस आली होती आणि तरीही डोकं पळवाटाच शोधत होतं. काकाजींना असं सांगू का की शेठला कुठून तरी कळलं, मामाचं नाव मी अंदाजानं घेतलं? असं सांगू का की पुण्याच्या माणसानं काढलं? पुण्याच्या माणसावर ढकलायला तर मला आवडलंच असतं. एक आठवडा मी रोज सकाळी काकाजींकडे जायला निघायची आणि रोज दुसरीकडेच जायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, जा आणि सांगून टाक. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मध्ये मंगळवार आला. मी शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ते रील काढा, फ्लेक्स उतरवा, मी माझ्या खर्चानं दुसरं करून देते. शेठ ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते धंद्याचं बोलतील. ते म्हणाले, "ताई, मले तं वाटलं हे तुमच्या डोक्यातलं हाये. तुमी मले एका बुजुर्ग माणसाची चीज आणून देल्ली, अन् सांगतलं बी नाई. मले चोर बनवलं तुमी."

पण त्यांनी काही उतरवलं नाही. आणि का नाही, तेही त्यांचं बरोबरच होतं. शंभर घरी निरोप गेले होते, आयांना साडी कबूल झाली होती, आता नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेलं. एका रॅकवर एकाच प्रकारच्या साड्यांचा ढीग होता, सहा रंगांत, प्लॅस्टिकमध्ये. आईची साडी म्हणून हीच द्यायची. हात कुठे गेला, ते बघायला एवढ्या गर्दीत कोणाला सवड? मी त्या ढिगासमोर उभी राहिले आणि मला रडू आलं. शेठ दुसरीकडे बघत राहिले. खाली येताना म्हणाले, त्या काकाजीले सांगा, मी येतो माफी मांगाले. मी म्हटलं, आधी माझी वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना गेले. सेल्समन झाडझूड करत होते. काकाजी देवाला उदबत्ती ओवाळत होते. मी म्हटलं, बोलायचं आहे, आत चला. ते म्हणाले, इथीच बोल. बरोबर होतं त्यांचं. मामांना बोलले होते तेही सगळ्यांसमोरच होतं.

मी सांगितलं. पुण्याचा माणूस, माझा राग, माझं तोंड, सगळं. आणि तो हो. सांगताना माझा आवाज चढला, जसं काही भांडतच होते मी त्यांच्याशी. म्हटलं, मामांनी काही केलं नाही. मीच केलं. तुमच्याच गादीवर बसून पाहिलं आणि तिकडे नेऊन दिलं.

सेल्समन झाडू घेऊन तसेच उभे. काकाजींनी उदबत्ती खोचली. मला वाटलं, ओरडतील. मी तयारी करून गेले होते, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. ते गादीवर बसले. म्हणाले, "चाळीस वर्षांत पयल्यांदा ते पातळ मले मांगून घेतलं कोणं. आता मी देल्लं तं ते अकोल्याची नक्कल होते, नाई देल्लं तं कंजूषी होते. सांग बाई, मी आता काय करू?"

अठरा वर्षं मी त्यांना काय करायचं ते सांगत आले होते, कोणता रंग, कोणता कागद, कोणत्या गावात किती, आणि त्या दिवशी त्यांनी खरोखर विचारलं तर माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हटलं, काकाजी, मला माफ करा. ते म्हणाले, माफ केलं. लगेच म्हणाले, काही आढेवेढे न घेता. मग म्हणाले, "पण आता या गादीवर नोको बसत जाऊ."

मी उठले. चपला घातल्या. मागे ते एका सेल्समनला मामांचा नंबर लावून दे म्हणत होते. मी रस्त्यावर आले तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता, म्या चुकलो रे, ये तू, म्या चुकलो.

शेठचं काम मी त्याच आठवड्यात सोडलं. काकाजींचं काम त्यांनी काढून घेतलं नाही, पण मीच नेऊन सगळ्या फाइली त्यांच्या पुतण्याकडे दिल्या. लोक विचारतात, एकाच धंद्यातली दोन गिऱ्हाइकं का घेत नाही आता? मी म्हणते, जमत नाही. डायऱ्या दोन करता येतात, फोन दोन करता येतात, वार वाटून घेता येतात. डोकं एकच असतं, आणि माझ्यासारखीचं तोंडही एकच. कोणी जास्त विचारलं तर मी चिडते.

काकाजी ती साडी आता देतात की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही. त्या रस्त्यानं जाते तेव्हा मी पलीकडच्या बाजूनं चालते.

पण हे इथं संपवता आलं असतं तर मी लिहायला बसले नसते. त्यानंतर पंधरा दिवसांनी मामा पुन्हा माझ्या ऑफिसात आले. या वेळी खुर्चीत पाठ टेकून बसले. जुनी जागा मिळाली होती, उजव्या हाताची. काकाजींनी घरी येऊन बायकोसमोर माफी मागितली म्हणे. दुकानातले सेल्समनही, त्यांना दम दिला होता की काय कोण जाणे, काही बोलले नव्हते. काकाजींनी मामांना एवढंच सांगितलं होतं की माझी समजूत चुकली. कोणामुळे चुकली ते सांगितलं नव्हतं.

मामांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, तुमी शब्द टाकला, म्हणून झालं. घरच्यांनी सांगतलं, पयला पेढा ताईले देऊन या.

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी, जी पुण्याच्या अनोळखी माणसासमोर एका क्षणात सगळं ओकून मोकळी झाले होते, ती मामांसमोर तोंड उघडून नुसती बसून राहिले. त्यांनी हात पुढे केला होता, त्यात पेढा होता, आणि ते इतके खूश होते. काकाजींनी मला वाचवायचं ठरवलं होतं की हे माझ्यामुळे झालं हे कळण्याच्या दुःखापासून मामांना, ते मला आजही कळत नाही. मी तो पेढा घेतला आणि त्यांच्यासमोर खाल्ला.

मामा, तुमची सून वाचते असं तुम्ही सांगितलं होतं. ती फोनवरून हे तुम्हाला वाचून दाखवेल. चोर मी होते.